परदेशातला 'ऑल यू कॅन ईट' बुफे: पहिल्यांदा जाणाऱ्या मुलांना नेमकं काय सांगावं?

रावपुऱ्याची मेधा

नमस्कार मंडळी. परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी दर जुलैत आमच्या मंडळाची दांडिया बाजारात एक बैठक असते. व्हिसा, बँक, थंडीचे कपडे, भाड्याची खोली, सगळं बोलून होतं. जेवणाचा विषय मात्र 'छोटा कुकर न्या, गोडा मसाला न्या' एवढ्यावरच संपतो. यंदा मुलांनीच विचारलं की तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात सीनियर मुलं 'ऑल यू कॅन ईट'ला, म्हणजे ठरलेल्या भावात हवं तेवढं खायच्या बुफेला, घेऊन जातात, तिथे काय करायचं असतं?

आपली वडोदऱ्याची मुलं अनलिमिटेड काठियावाडी आणि गुजराती थाळीवर वाढलेली. त्यांना वाटतं तेच असेल, फक्त पदार्थ वेगळे. तसं नसतं एवढं मला कळतं, पण फरक नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही. या वर्षीची मुलं जर्मनी, कॅनडा, इंग्लंडला चालली आहेत आणि एक मुलगी जपानला. निम्म्याहून जास्त शाकाहारी, त्यातली काही अंडंही न खाणारी.

पाटीवर लिहिलेल्या भावापेक्षा बिल जास्त का येतं, पानात उरलं तर काय होतं, शाकाहारी मुलांनी कशाला हात लावू नये आणि पोट बिघडू नये म्हणून काय करावं, हे जाणकारांनी जरा तपशिलात लिहा. बैठकीत वाचून दाखवीन.

कारेलीबागकर

मेधाताई, फरक एका वाक्यात सांगायचा तर आपल्या थाळीत वाढपी हिशेब सांभाळतो आणि तिकडे तो हिशेब जेवणाऱ्याने सांभाळायचा असतो. थाळीत वाट्या लहान असतात, वाढपी एकेक रोटली आणतो आणि हात आडवा धरला की थांबतो. त्यामुळे पानात फार उरत नाही. बुफेत आग्रह करणारं कोणी नाही आणि थांबवणारंही कोणी नाही. सगळ्या चुका तिथूनच होतात.

आत शिरण्याआधी मुलांनी बघायचं की बुफे कुठल्या जातीचा आहे. एक म्हणजे आपल्या लग्नातल्यासारखी मांडलेली रांग. दुसऱ्या प्रकारात टेबलावर टॅब्लेट किंवा छापील कागद असतो. त्यावर खुणा करायच्या आणि पदार्थ टेबलावर येतात. कॅनडातली बरीचशी सुशी हॉटेलं अशीच चालतात. तिसरा म्हणजे फिरता पट्टा. जर्मनीत त्याला 'रनिंग सुशी' म्हणतात, बशा समोरून जातात आणि हवी ती उचलायची. चौथ्या प्रकारात टेबलातच शेगडी किंवा उकळतं पातेलं असतं, शिजवायचं आपण. ब्राझिलियन पद्धतीचा एक प्रकार आहे, 'रोदीझिओ'. त्यात वाढपी सळईवरचं भाजलेलं मांस घेऊन टेबलाटेबलावर फिरतात. टेबलावर एक गोल चकती असते. तिची हिरवी बाजू वर असली की वाढत राहतात, लाल वर केली की थांबतात. नवीन मुलं ती चकती ग्लासखालची समजून हिरवीच ठेवून देतात आणि पान भरत जातं. शाकाहारी मुलांना तिथे फक्त सॅलडची रांग मिळते. तिचा भाव पुष्कळ ठिकाणी वेगळा आणि कमी असतो, पण तो विचारावा लागतो.

आता दारावरची पाटी. ती उभं राहून पूर्ण वाचायची. दुपारचा भाव आणि रात्रीचा भाव वेगळा असतो, शनिवार-रविवारचा आणखी वेगळा. दुपारी सहसा तीनच्या आसपास बंद करतात, म्हणजे अडीचला पोचलं तर पैसे पूर्ण आणि वेळ जेमतेम अर्धा तास. वेळेची मर्यादा बहुधा 90 मिनिटं ते 2 तास असते आणि शेवटची ऑर्डर त्याच्याही आधी घेतात. घड्याळ बसल्यापासून चालू होतं, पहिली बशी आल्यापासून नाही. मित्र उशिरा येणार असेल तर सगळ्यांनी बाहेर थांबून एकदमच आत जावं.

पाटीवर बारीक अक्षरात आणखी तीन गोष्टी असतात. एका टेबलावर एकाने बुफे घेतला की सगळ्यांनी घ्यायचा. दोघांत एक चालत नाही. बांधून नेता येत नाही. साध्या हॉटेलात उरलेलं डब्यात मागण्याची पद्धत आहे, बुफेत ती नाही. पिशवीत केळं किंवा पाव टाकणं ही तिकडे चोरी समजतात, हे मुलांना न लाजता सांगा. तिसरी गोष्ट, पानात टाकलं तर दंड. मागवून खायच्या सुशीत उरलेल्या तुकड्यांवर दर तुकड्यामागे पैसे लावतात. वरचा मासा खाऊन भात बाजूला काढून ठेवला तर तोही उरलेल्यातच धरतात.

बिल का वाढतं ते हिशेबानेच दाखवतो. कॅनडातल्या ओंटारिओत पाटीवर 20 डॉलर लिहिलंय असं धरा. 3 डॉलरचं कोल्ड्रिंक घेतलं, झाले 23. त्यावर 13 टक्के एचएसटी हा तिथला विक्रीकर, म्हणजे 2.99. टेबलावर आणून देणाऱ्याला 15 टक्के टिप, म्हणजे 3.45. एकूण 29.44. पाटीपेक्षा जवळजवळ दीडपट. स्वतःच्या हाताने घ्यायच्या रांगेत टिप 10 टक्क्यांच्या आसपास दिली तरी चालते. जर्मनी आणि इंग्लंडमध्ये कर भावातच धरलेला असतो. जर्मनीत टिप 5 ते 10 टक्के, आणि ती टेबलावर ठेवून निघायचं नसतं. पैसे देताना एकूण आकडा वर करून सांगायचा. इंग्लंडमध्ये बिलात 'सर्व्हिस चार्ज' आधीच जोडलाय का ते बघावं, नाहीतर दोनदा दिलं जातं. जपानात टिप नाही.

बुफेवाल्याची खरी कमाई पेयांवर असते. जर्मनीत पाणीसुद्धा विकत. नुसतं 'पाणी' म्हटलं तर बुडबुड्यांचं येतं, म्हणून 'श्टिलेस वासर' असं म्हणायचं. नळाचं पाणी देण्याचं बंधन जर्मन हॉटेलवर नाही. इंग्लंडमध्ये मात्र मद्याचा परवाना असलेल्या हॉटेलने मागितल्यावर नळाचं पाणी फुकट द्यायचं असा नियम आहे. 'टॅप वॉटर' हा शब्द वापरला की झालं. कॅनडात बर्फाचं पाणी न मागता येतं.

रांगेत कसं वागायचं ते आता सांगतो. पहिली फेरी रिकाम्या हाताने. ताट न घेता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि काय काय आहे ते बघायचं. रांगेच्या तोंडाशी पाव, भात, नूडल्स, बटाटा असतो, चमचेही तिथे मोठे असतात. महागाचे पदार्थ शेवटी, किंवा टोपी घातलेला माणूस कापून देतो तिथे. आपल्याकडच्या रिसेप्शनला चाटच्या काउंटरवरच पोट भरतं आणि मग डिशचा भाव मोजणारा यजमान वाचतो, तीच ही युक्ती. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाचा एकेक चमचा, चवीपुरता. आवडलेलं तिसऱ्या फेरीत. ताट डोंगरासारखं भरून आणलं की गरम-गार, गोड-आंबट सगळं एकमेकांत मिसळतं आणि मग तेच पानात राहतं.

हे शिस्तीने घेणं स्वीडनच्या 'स्मॉर्गसबोर्ड'मध्ये मुळातच आहे. आधी खारवलेला हेरिंग मासा, मग बाकीचे गार मासे, मग गार मांस, मग गरम, शेवटी गोड; आणि दर फेरीला ताट नवीन. हा प्रकार अमेरिकेत लोकांना माहीत झाला तो 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या स्वीडनच्या दालनामुळे.

नव्या ताटाचं विशेष सांगा. आपल्याकडे तेच ताट घेऊन दुसऱ्यांदा जाणं म्हणजे काटकसर, घरचं वळण. तिकडे ते अस्वच्छ धरतात, अमेरिकेत तर अन्नसुरक्षेच्या नमुना नियमावलीतच उष्टं ताट घेऊन रांगेत येऊ देऊ नका असं आहे. कारण सरळ आहे. आपल्या उष्ट्याला वाढायचा चमचा लागतो आणि तोच परत भांड्यात जातो. उष्टं-खरकटं आपल्या मुलांना वेगळं शिकवायला नको. फक्त ताटही उष्टं धरायचं एवढं सांगा.

फतेगंज ते फ्रँकफर्ट

कारेलीबागकरांनी हिशेब चोख मांडलाय. मी शाकाहाराचं लिहितो, कारण तिथे मुलं सगळ्यात जास्त फसतात आणि नंतर त्यांना फार वाईट वाटतं.

पहिली गोष्ट, जर्मनीत 'फेगेटारिश' म्हणजे मांस-मासे नाहीत, पण अंडं असू शकतं. अंडं न खाणाऱ्या मुलाने 'फेगान' हा शब्द वापरावा. त्यात अंडं, जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं), मासे, सगळंच बाद होतं. दूध-दही-चीज आपल्याला चालतं, ते वेगळं बघून घ्यावं. 'मी व्हेज आहे' असं सांगून सुटका नाही.

आता भांड्यांत डोकावू. चायनीज बुफेतला 'व्हेजिटेबल फ्राइड राइस' घ्या. त्यात पिवळे बारीक तुकडे दिसले तर ते अंडं. भाताला तपकिरी रंग असेल तर सोया सॉस, क्वचित ऑयस्टर सॉसही. हिरव्या भाज्या, ब्रोकोली, चकचकीत दिसतात त्या बऱ्याचदा ऑयस्टर सॉसमुळे, आणि तो शिंपल्यांचा असतो. हॉट अँड सॉर सूपचं पाणी सहसा कोंबडीचं. स्प्रिंग रोलमध्ये कोबी-गाजर असलं तरी ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात ते बऱ्याचदा तळतात. ते चालवायचं की नाही हे ज्याने-त्याने आधी ठरवून जावं; रांगेत उभं राहून ठरत नाही.

जर्मन पदार्थांत गंमत वेगळी. बटाट्याचं सॅलड, फरसबी, आंबवलेला कोबी, सगळं भाजीचं दिसतं आणि त्यात पुष्कळदा 'श्पेक' म्हणजे डुकराच्या चरबीचे बारीक गुलाबी तुकडे असतात. लाल कोबी पुष्कळदा 'श्माल्झ' म्हणजे चरबीत शिजवतात. 'श्पेट्झले' नावाच्या शेवयांत अंडं असतंच. गोडात पन्ना कोटा, मूस, जेली, मार्शमेलो यांत जिलेटिन. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासा. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाशिवाय होत नाही, तो त्याचा नियमच आहे. मेक्सिकन बुफेतला घोटलेला राजमा पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत परततात. इंडियन बुफेतही नानच्या पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्यावं.

याला उपाय युरोपच्या कायद्यातच आहे. युरोपीय संघात आणि इंग्लंडमध्ये हॉटेलला 14 ॲलर्जनांची, म्हणजे ॲलर्जी आणू शकणाऱ्या घटकांची, माहिती द्यावीच लागते. त्यात अंडं, मासे, कवचाचे मासे, शिंपले, दूध, शेंगदाणा, तीळ, मोहरी, सोया, सेलरी वगैरे येतात. जर्मनीत पदार्थाच्या चिठ्ठीवर नावापुढे लहान अक्षरं किंवा आकडे असतात आणि त्यांचा अर्थ मेनूच्या शेवटच्या पानावर. म्हणजे अंडं, मासे आणि शिंपले कशात आहेत ते न विचारताही कळतं. मांस मात्र ॲलर्जनांच्या यादीत नाही. श्पेक, चरबी, कोंबडीचं पाणी आणि जिलेटिन या चारांसाठी तोंडाने विचारावंच लागतं. यादीवर विसंबून मुलं इथेच चुकतात.

'मंगोलियन' बुफे शाकाहारी मुलांना सोयीचा पडू शकतो. एका वाडग्यात कच्च्या भाज्या, टोफू, नूडल्स आपण भरायचे, सॉस निवडायचा आणि टेबलाच्या नंबरची चिमटी वाडग्याला लावून आचाऱ्याकडे द्यायची. तो मोठ्या तव्यावर परतून देतो. अडचण ही की तवा एकच आणि उलथनं एकच. वाडगा देतानाच 'स्वच्छ तव्यावर किंवा वेगळ्या पॅनमध्ये कराल का' असं विचारावं. गर्दी नसलेल्या वेळी, म्हणजे दुपारी बाराला उघडताच गेलं तर सहसा करून देतात. रात्री आठला कोणी ऐकत नाही. कच्चं मांस आणि भाज्या एकाच काउंटरवर असतात, म्हणून भाजीला भाजीचाच चिमटा, आणि मागच्या बाजूचं भांडं आधी. पुढच्यात मांसाचे तुकडे सांडलेले असतात.

सुशीत शाकाहाऱ्याला काय? काकडीची 'काप्पा माकी', ॲव्होकॅडोची, लोणच्याच्या मुळ्याची. सहा तुकड्यांच्या एका बारीक गुंडाळीत साधारण 80 ग्रॅम शिजलेला भात असतो, व्हिनेगर-साखर-मीठ लावलेला. अशा चार गुंडाळ्या म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम भात झाला. टॅब्लेटवर चित्र छोटं दिसतं म्हणून चौघं मुलं चौदा गुंडाळ्या मागवून बसतात आणि मग दंड. पहिल्या फेरीत माणशी दोन, बस.

आणखी एक, हे बुफेच नाही पण मुलं त्यालाच बुफे समजतात. जर्मन विद्यापीठांच्या 'मेन्सा'त, म्हणजे कँटीनमध्ये, बऱ्याच ठिकाणी सॅलड आणि गरम पदार्थांची रांग असते आणि तिथे भाव वजनावर असतो. ताट काट्यावर ठेवलं की आकडा दिसतो. हवं तेवढं घ्या म्हणजे हवं तेवढ्याचे पैसे द्या. काकडी, कलिंगड, दही, पातळ ड्रेसिंग हे सगळं पाण्याचं वजन आहे. राजमा, छोले, चीज, अंडं खाणाऱ्याने उकडलेलं अंडं हे घ्यावं. विद्यार्थ्याचं कार्ड दाखवलं की भाव कमी लागतो.

मांडवी दरवाजा

मला वाटतं मुलांना सांगावं की जाऊच नका. तेवढ्या पैशात आठवड्याचा डाळ-तांदूळ येतो.

रावपुऱ्याची मेधा

काका, तुमचं म्हणणं कळतं, पण ती जाणारच. नवीन गावात पहिल्यांदा कोणी बरोबर बोलावतंय, तर मूल नाही म्हणून खोलीत बसणार नाही, आणि बसूही नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून तर विचारतेय.

दोन गोष्टी राहिल्या. 'रात्री बुफे आहे म्हणून सकाळपासून काही खाल्लं नाही' हे इथेही ऐकते, ते बरोबर का? आणि जपानला जाणाऱ्या मुलीचं काय?

आहार_वडोदरा

मेधाताई, सकाळपासून उपाशी राहणं हा यातला सगळ्यात वाईट सल्ला आहे आणि तो पिढ्यान् पिढ्या दिला जातोय.

रिकाम्या पोटी माणूस भरभर खातो. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात. भुकेला मुलगा पहिल्या दहा मिनिटांत दोन ताटं संपवतो, जाणीव येते तेव्हा तिसरं समोर असतं, आणि मग तडस. शिवाय भुकेपोटी हात आधी तळलेल्याकडे जातो. तेलकट अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं, म्हणजे सुरुवातीलाच भजी-वडे झाले तर पुढच्या पदार्थांना जागा राहत नाही आणि छातीत जळजळ होते. त्यावर कोल्ड्रिंक ओतलं की गॅसने पोट आणखी ताणतं.

मुलांना असं सांगा. रात्री सातचा बुफे असेल तर सकाळचा नाश्ता नेहमीचा, दुपारी साधं जेवण थोडं कमी, चारला एखादं केळं किंवा वाटीभर दहीभात. त्यानंतर पाणी पीत राहा. टेबलावर पहिल्यांदा सूप किंवा सॅलड, मग डाळी-टोफू-पनीर किंवा मांस-मासे, मग भात-नूडल्स. तळलेलं मधे थोडं. दोन फेऱ्यांच्या मधे दहा मिनिटं गप्पा. गोड घेण्याआधी उठून एक चक्कर. खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही. हॉस्टेल वीस मिनिटांच्या अंतरावर असेल तर बस सोडून चालत जावं.

आता ताजेपणाचं. इंग्लंडात गरम अन्न 63 अंश सेल्सिअसच्या वर आणि गार अन्न 8 अंशांच्या खाली ठेवायचा नियम आहे. त्यापेक्षा गरमाचं तापमान उतरलं तर 2 तास आणि गाराचं चढलं तर 4 तास, एवढीच सवलत. मुलं काही थर्मामीटर नेणार नाहीत, पण डोळ्यांना कळतं. भांड्यातून वाफ येतेय का, रश्श्यावर साय धरलीय का, भाताच्या कडा सुकून कडक झाल्यात का, सॅलडखालचा बर्फ वितळून पाणी झालंय का. असं असेल तर ते भांडं सोडायचं आणि नवीन भरून आणेपर्यंत थांबायचं.

भाताकडे जास्त लक्ष द्या, कारण आपली मुलं भाताला निरुपद्रवी समजतात. शिजवून कोमट ठेवलेल्या भातात 'बॅसिलस सेरिअस' नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातून टिकून राहतात, आणि त्याने तयार केलेलं उलटी आणणारं विष परत गरम केल्यानेही जात नाही. खाल्ल्यावर 1 ते 6 तासांत उलट्या होतात. दुपारच्या बुफेच्या शेवटी तळाला राहिलेला भात म्हणूनच घेऊ नये.

उलट्या-जुलाब झालेच तर घरगुती मीठ-साखरेचं पाणी: 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट. लघवी कमी झाली, रक्त पडलं, ताप चढला तर डॉक्टर. शेंगदाणा, तीळ, कोळंबी यांपैकी कशाची ॲलर्जी असलेल्या मुलाने आपली औषधं खिशात ठेवावीत आणि बुफेत चमचे अदलाबदल होतात हे धरून चालावं. ओठ-घसा सुजू लागला, श्वास लागला तर थेट रुग्णवाहिका: युरोपात 112, इंग्लंडमध्ये 999, कॅनडात 911, जपानात 119. हे नंबर बैठकीत प्रत्येकाकडून फोनमध्ये घालून घ्याच, ताई.

सुरसागरकाठ

जपानचं मी लिहिते.

तिकडे या प्रकाराला 'ताबेहोदाई' म्हणतात. ताबे म्हणजे खाणं, होदाई म्हणजे हवं तेवढं. 'नोमिहोदाई' वेगळं, ते पेयांचं. रांगेच्या बुफेला मात्र जपानी लोक 'बाइकिंगु' म्हणतात, म्हणजे 'वायकिंग'. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने 1958 मध्ये स्कँडिनेव्हियाच्या धर्तीवर असं जेवण सुरू केलं आणि त्या उपाहारगृहाचं नावच त्या पद्धतीला पडलं. दारावर हा शब्द दिसला तर गोंधळू नये.

वेळ तिकडे मिनिटावर पाळतात. 90 मिनिटांचा बुफे असेल तर 20-30 मिनिटं आधी 'रास्तो ओदा', म्हणजे शेवटची ऑर्डर विचारायला येतात. त्या घाईत सगळ्यात जास्त मागवलं जातं आणि तेच उरतं. पानात टाकणं जपानात फार लागतं लोकांना. दंडाची पाटी असते ती असतेच, पण त्याहून यजमानाचा चेहरा पडतो. आपल्या पंगतीत पान स्वच्छ करून उठायची सवय असलेल्या मुलीला हे सोपं जाईल.

शाकाहारी असेल तर अवघड आहे, स्पष्टच सांगते. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी', म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, आहे आणि नेहमीची दाशी वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, टेम्पुराबरोबरची पातळ चटणी, इनारी सुशीचा गोडसर टोफू, सगळीकडे ती असू शकते. तुकडा दिसत नाही म्हणून मुलं खातात. कोम्बू समुद्रशेवाळाची दाशी शाकाहारी असते, ती विचारून घ्यावी. 'शाबू-शाबू' म्हणजे पातेल्यातल्या पाण्यात बुडवून शिजवण्याच्या बुफेत नुसत्या कोम्बूचं पाणी मागता येतं. भाज्या, टोफू, मशरूम, उडोन नूडल्स असं पोटभर होतं. तिळाच्या चटणीतही कधी दाशी असते, तेव्हा साधा सोया सॉस बरा.

हे चायनीज हॉटपॉटलाही लागू आहे, आणि कॅनडा-जर्मनीला जाणाऱ्यांनीही वाचावं. लाल तिखट सिचुआन रस्सा पाहून आपल्या मुलांच्या तोंडाला पाणी सुटतं, कारण तो आपल्या सेवउसळीच्या तर्रीसारखा दिसतो. पण ती लाल तर्री पारंपरिक पद्धतीत गाईच्या चरबीची असते. दोन कप्प्यांचं पातेलं मागावं आणि एका कप्प्यात टोमॅटोचा किंवा मशरूमचा रस्सा. तोसुद्धा हाडांच्या पाण्यात केलेला नाही ना ते विचारून. दोन कप्प्यांना दोन डाव. एकाच डावाने सगळे ढवळू लागले की मधली भिंत असून उपयोग नाही.

कोरियन शेगडीच्या बुफेत किमची आपल्या लोणच्यासारखी समोर येते. तिच्यात सहसा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. मांस खाणाऱ्या मुलांनी तिथे कच्च्याचा चिमटा वेगळा आणि शिजलेल्याचा वेगळा ठेवायचा, जेवायच्या काड्यांनी कच्चं उचलायचं नाही. जाळी काळी पडली की बदलून मागावी; फुकट बदलतात आणि न बदलल्यास मसाला जळून सगळं कडू लागतं.

रावपुऱ्याची मेधा

सगळ्यांचे खूप आभार. सेवउसळीच्या तर्रीचं उदाहरण मुलं विसरणार नाहीत. एकच शेवटचं: तिथल्या भाषेत सांगायची वाक्यं कोणी देवनागरीत लिहून द्याल का? चिठ्ठी करून प्रत्येकाच्या पाकिटात घालते.

फतेगंज ते फ्रँकफर्ट

ताई, जर्मनसाठी ही घ्या:

'इश एसे काइन फ्लाइश, काइनेन फिश उंट काइने आयर.' म्हणजे मी मांस, मासे आणि अंडी खात नाही.

'इस्ट दा श्पेक ओडर झेलाटीने द्रिन?' म्हणजे यात श्पेक किंवा जिलेटिन आहे का?

'लाइटुंग्सवासर, बिटे.' म्हणजे नळाचं पाणी द्या. नाही म्हणाले तर वाद घालू नये, बाटली घ्यावी.

चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूला हेच जर्मनमध्ये, रोमन लिपीत छापून घ्या. आचाऱ्याला ऐकवण्यापेक्षा दाखवलेलं लवकर कळतं, स्वयंपाकघरात आवाज फार असतो.

सुरसागरकाठ

जपानीसाठी:

'निकु तो साकाना तो तामागो वा ताबेरारेमासेन.' म्हणजे मांस, मासे आणि अंडं मला खाता येत नाही.

'कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन.' म्हणजे बोनिटोची दाशीही नाही. हे दुसरं वाक्य गाळू नका. पहिलं ऐकून तुकडे काढून टाकतात आणि सूप तेच देतात.

'कोम्बू-दाशी वा आरिमास का?' म्हणजे कोम्बूची दाशी आहे का?

ही चिठ्ठी आत बसण्याआधी दारातच दाखवायची. नाही म्हणाले तर पैसे न देता निघता येतं. बसून पाण्याचा पेला समोर आल्यावर मुलींना उठायचा संकोच होतो.